खुंट्याला बांधलेली गाडी

१

पुंजाजीचं वय सत्तर, दात नऊ, शिक्षण चौथी, आणि तेही मास्तर दयाळू होता म्हणून. पण चाळीस वर्षं त्यानं शिवारातल्या विहिरींवर मोटारी बसवल्या, काढल्या, जळाल्या की नव्या तारेनं पुन्हा भरल्या. त्या जोरावर विजेतलं आपल्याला सगळं कळतं, असं तो जगाला सांगत आला. जगाचा विश्वास बसत नव्हता. त्यात विजेचा दोष नव्हता, पुंजाजीचा होता.

आता एकच मासला सांगतो. गेल्या पोळ्याला त्यानं शेजारच्या गोविंदाच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढीत, ब्लूटूथचा डबा लपवला आणि स्वतः आपल्या ओसरीवर बसून फोनमध्ये बोलला. तिकडं गोविंदाचा बैल पुरणपोळीवर तूप कमी पडल्याची तक्रार करू लागला. गोविंदा, त्याची बायको आणि निवद पाहायला आलेली दोन शहाणी माणसं बैलाच्या पाया पडली. तूप वाढलं. बैलाचं काही बिघडलं नाही. पण तेव्हापासून गावात काही नवलाचं घडलं, की लोक आभाळाकडं पाहायच्या आधी पुंजाजीच्या ओसरीकडं पाहू लागले.

या उन्हाळ्यात त्याची लेक काजल बाळंतपणाला माहेरी आली. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती, एकदा पाचव्या महिन्यात, एकदा सातव्यात. यंदा आठवा सरला होता. घरात कोणी हे मोठ्यानं बोलत नव्हतं, पण पुंजाजीची बायको शालूबाई लेकीसमोरून रिकामी घागरसुद्धा नेत नव्हती. मोठा मुलगा गोकुळ आपली जुनी व्हॅन रोज पुसून, पेट्रोल भरून, तोंड रस्त्याकडं करून ठेवायचा. मेहकरचा दवाखाना बावीस किलोमीटर, त्यात हिवरा आश्रमापर्यंतचा रस्ता असा, की त्यापेक्षा वावरातून बरं.

त्या व्हॅनमधला जुना टेप मुका झाला होता. काजलला गाण्याची भारी हौस, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, हिचं मन रमवत राहा. म्हणून गोकुळनं घरबसल्या पडद्याचा नवा स्टिरिओ मागवला. मेहकरचा फिटर म्हणाला, गाडी दोन दिवस सोडून जा. दोन दिवस गाडी नजरेआड करायची घरात कोणाचीच छाती होईना. तेव्हा पुंजाजीनं बनियनच्या बाह्या वर सारल्या. बनियनला बाह्या नव्हत्या, पण सारल्या. गोकुळनं एवढंच बजावलं, की बाबा, स्टिरिओ नाही वाजला तं चालते, गाडी सुरू झाली पाह्यजे.

२

गाडी घरामागच्या जुन्या खळ्यावर, निंबाच्या सावलीत उभी केली. तिथं आता कोणी मळणी करत नाही, यंत्र वावरातच येतं. पण जागा अजून सपाट, टणक, आणि आजूबाजूला तण माजलं तरी तिथं काडी उगवत नव्हती.

स्टिरिओच्या मागं वायरींचा झुपका. मोबाइलवरच्या व्हिडिओतलं पोरगं सांगत होतं: पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर, काळी गाडीच्या पत्र्याला, बाकीच्या जोड्या चार स्पीकरच्या. पुंजाजीनं पोराचं पूर्ण ऐकून घेतलं आणि पिवळीच्या जागी लाल लावली. त्यामुळं चावी काढली की स्टिरिओ सगळं विसरायचा. पुन्हा लावली, की घड्याळात बारा, तारीख जानेवारीची आणि पडद्यावर अक्षरं चिनी. शालूबाई म्हणाली, बसवणाऱ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी वायरी अदलाबदल केल्या तेव्हा त्याची आठवण परतली. मागच्या डाव्या स्पीकरची वायर उंदरांनी खाल्ली होती. ती दोन उघडी टोकं पुंजाजीनं तशीच लोंबती ठेवली, म्हणाला, तीन कान काय कमी आहेत.

पण गुणगुण काही जाईना. इंजिन चालू केलं, की गाण्यामागं घुंईं. एक्सलेटर दाबला, की ती चढायची. त्यानं पत्रा घासून चकचकीत केला, नट आवळला, काळी वायर तीन ठिकाणी लावून पाहिली. घुंईं आपली कायम.

आता मोटारीला गुणगुण आली, हाताला झिणझिण्या आल्या, तर वावरातला माणूस काय करतो? अर्थिंग करतो. खड्डा खणायचा, कोळसा न् मीठ भरायचं, लोखंडी सळई ठोकायची, वरून घागरभर पाणी ओतायचं. गाडीला चाकं असतात आणि मोटारीला नसतात, एवढी बारीक गोष्ट पुंजाजीनं मनाला लावून घेतली नाही. त्यानं खळ्याच्या मधोमध दोन फूट खणलं, मीठकोळसा भरून सळई ठोकली, स्टिरिओच्या पाठीवरच्या स्क्रूपासून एक लांब काळी वायर दारातून बाहेर आणली आणि चिमटा लावून सळईला जोडली.

गोविंदा कुंपणावरून पाहत होता. त्यानं गावभर सांगितलं, की पुंजाजीनं गाडी खुंट्याले बांधली, चरायले निघून जाऊ नये म्हणून. अर्धं गाव पाहायला येऊन गेलं. एकानं तर पेंडीची पाटी आणून बोनेटसमोर ठेवली. पुंजाजीलाही ते आवडलं.

आणि इंजिन चालू केल्यावर घुंईं खरंच गेली. नुसती कमी नाही झाली, गेली. आवाज अगदी शून्यावर केला तरी पूर्वी थोडी खरखर यायची, तीही नाही. पुंजाजीनं इंजिन बंद केलं. सकाळचे दहा वाजलेले, निंबात होले घुमत होते, पलीकडं कोणीतरी धुणं आपटत होतं. गाडीत मात्र विहिरीच्या तळाशी असते तशी शांतता.

तेवढ्यात मागून, डाव्या बाजूनं, कोणी म्हणालं, ‘‘लाभ.’’

३

जुनी माणसं धान्य मोजताना एक म्हणत नाहीत. पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन. आणि पुढचं माप भरेपर्यंत चालू आकडा तोंडात घोळवत राहतात, म्हणजे मोजणी चुकत नाही. पुंजाजीनं हे लहानपणी याच जागी बसून ऐकलं होतं, पण त्याला साठ वर्षं झाली. आता काटा आहे, पोती आहेत, आणि लाभ म्हणणारं कोणी उरलेलं नाही.

आवाज काही रडका नव्हता, की पाताळातून आल्यासारखा खोल नव्हता. कामातल्या माणसाचा होता, घशात थोडा भुसा गेलेला. ‘‘लाभ. लाभ. लाभ.’’ पुढच्या मापाची वाट पाहत असल्यासारखा, थांबत थांबत.

पुंजाजी आधी हसला. आपल्या हयातीत गावात दुसरा खोडकर निपजला, याचा त्याला आनंदच झाला. त्यानं खिशातला फोन बंद केला. सीटखाली हात घातला. रेडिओ बंद, ब्लूटूथ बंद. मग तो शिस्तीत बिघाड शोधू लागला. पडद्यावर बोट ओढून आवाज एकेका कोपऱ्यात नेला. पुढचा उजवा गप्प, पुढचा डावा गप्प, मागचा उजवा गप्प. बोलत होता तो मागचा डावा. त्यानं मागं जाऊन पुठ्ठा उचकटला. उंदरांनी खाल्लेली दोन टोकं वीतभर अंतरावर तशीच लोंबत होती. ज्या स्पीकरला वायरच नव्हती, तो बोलत होता.

त्यानं चिमटा काढला. आवाज बंद. चिमटा लावून आत बसला. ‘‘लाभ.’’

एवढं कळल्यावर त्याला बरं वाटलं. बिघाड वायरीबरोबर येतो न् वायरीबरोबर जातो, म्हणजे तो विजेचाच. कुठल्या तरी गावच्या भोंग्याचा आवाज जमिनीतून येत असेल. मीठ ओलं आहे. होतं असं कधी कधी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. होत नाही असं, हेही त्याला माहीत होतं.

शालूबाई चहा घेऊन आली आणि बसली. आवाज म्हणाला, ‘‘लाभ. दोन. दोन. दोन.’’ तिनं कपाळाला हात लावला, म्हणाली, आता तरी वयाची लाज धरा, न् फोन कुठं लपवला ते सांगा. गोविंदाला बोलावलं. तो चढताच तीन झाले. गोविंदानं बैलाचा अनुभव घेतलेला, त्यामुळं त्यानं सगळी पायपुसणी उचलली, डिकी उघडली, टपावर चढला, आणि काही सापडलं नाही तेव्हा मोठ्या मनानं कबूल केलं, की ही खोडी त्या बैलाच्या वरची आहे. पुंजाजीनं शेळी चढवून पाहिली. शेळीला मोजलं नाही. शेळीनं सीट खाल्लं.

कोणी उतरलं, की मोजणी पहिल्यापासून. सगळे उतरले, की गप्प. गाव येऊन मोजून घेऊन गेलं. दुसऱ्यानं केलेल्या खोडीचं नाव पुंजाजीला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं, आणि मी नाही केली म्हणावं, तर लोक अजूनच हसायचे. तोही हसायचा. फक्त गाडीत एकटा बसला, की डाव्या खांद्याकडं बघायचं टाळायचा.

तिसऱ्या दिवशी काजल आली. हळूच, एक हात कमरेला लावून, पुढच्या सीटवर टेकली. मागं कोणी नव्हतं. शेळी बांधलेली होती.

‘‘लाभ,’’ आवाज म्हणाला. ‘‘दोन.’’

मग जरा थांबला. आणि थोडं हलकं, जसं कोणी निजलेल्या घरात बोलतं तसं, ‘‘तीन. तीन. तीन.’’

पुंजाजीनं आरशात पाहिलं. मागचं सीट रिकामं. त्याच्या पाठीवरून घामाचा थेंब सरळ खाली गेला. मग त्याची नजर काजलच्या पोटावरच्या हाताकडं गेली, आणि त्याला हसावं की गाडीतून उडी टाकावी ते कळेना. काजललाच आधी कळलं. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, ‘‘बाबा, इतली गोड खोडी तुमी आजवर नव्हती केली.’’

४

मग तो नेमच झाला. सकाळचा चहा झाला, की काजल खळ्यावर येऊन बसायची, पुंजाजी चिमटा लावायचा, आणि दोघं तिसऱ्या आकड्याची वाट पाहायची. तो आला, की तिचा श्वास मोकळा व्हायचा. मग गाणी लावायची. आल्यापासून ती रात्र रात्र छताकडं पाहत पडायची, ती आता झोपू लागली, दुसरी भाकर मागू लागली. शालूबाईनं तीन दिवस कुरकुर केली, चौथ्या दिवशी भाजी निवडायचं निमित्त काढून मागं येऊन बसली. ‘‘लाभ. दोन. तीन. चार.’’ तिनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, मेथीत लई माती आहे.

पुंजाजीच्या मनात त्या मोजणाऱ्याबद्दल माया उपजली. कोण का असेना, आपल्या लेकीला झोप आणून देतो. चिमटा लावताना तो हळूच म्हणायचा, या दादा, लागा कामाले.

पण दुपारी आडवा पडला, की डोक्यात एक किडा वळवळायचा. खळ्यावर मोजणारा कधी आपल्यासाठी मोजत नाही. बाजूला मालक बसलेला असतो, आणि मोजलेलं पोत्यात जातं. इथं माणसं मोजत होती. मग पोतं कुठं आहे? असं मनात आलं, की पुंजाजी उठून गोविंदाच्या सायकलची हवा सोडून यायचा. त्यानं जरा बरं वाटायचं.

५

अकराव्या की बाराव्या दिवशीची गोष्ट. मंगळवार होता. काजल बसली, पुंजाजीनं चिमटा लावला.

‘‘लाभ. दोन.’’

दोघं थांबली.

‘‘दोन,’’ आवाज म्हणाला. ‘‘दोन. दोन.’’

घाई नव्हती, की दुःख नव्हतं. पुढचं माप आलेलं नाही, एवढंच. काजल हसली, म्हणाली, आज बाळ झोपलं वाटते. पुंजाजीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, सकाळपासून हललं का? ती म्हणाली, नाही तसं, पण माय म्हणते की दिवस भरत आले, की बाळ शांत होते.

पुंजाजी खाली उतरला; एकेक करून पाहायचा आणि ऐकायला पुन्हा आत येऊन बसायचा. चिमटा काढून सळई घासली, पुन्हा लावला. दोन. खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं. दोन. मीटर आणून बॅटरी तपासली, साडेबारा व्होल्ट, नव्या नवरीसारखी. दोन. फ्यूज काढून फुंकर मारून बसवला. काजलला उतरवलं, चढवलं. शेवटी तिला एकटीला आत ठेवून स्वतः निंबाखाली जाऊन उभा राहिला. उघड्या खिडकीतून आवाज येत होता. ‘‘लाभ. लाभ. लाभ.’’

चाळीस वर्षांत त्याची एकही जोडणी चुकली नव्हती, निदान तो तसं सांगत असे. आज पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं, की आपलं चुकलेलं असू दे. कुठंतरी वायर सैल असू दे. आपण गाढव आहोत, चौथी नापास आहोत, असं निघू दे. तो गुडघ्यावर बसून वायर इंच इंच चाचपत गेला. कुठं सैल नव्हती.

त्यानं गोकुळला हाक मारली, मेहकरला चल म्हणाला. गोकुळनं विचारलं, काऊन? डॉक्टरकडं तर शुक्रवारी जायचं आहे. पुंजाजीनं सांगितलं, मोजणीत एक कमी आला. गोकुळ वडिलांकडं पाहत राहिला आणि म्हणाला, बाबा, खोडीले बी काही हद्द असते, तिच्या जिवाले घोर लावू नका. काजलही आता हसत नव्हती, पण बापाला ओळखून होती. म्हणाली, तुमीच कमी केला असन, मले भेवाडायले. शालूबाई आतून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बोटं मोडली. ‘‘गेल्या शिमग्याले तुमी मेले होते,’’ ती म्हणाली. ‘‘मी बांगड्या फोडायले दगड हातात घेतला, तं तुमी उठून चहा मांगला. तुमचं ऐकाचं कसं?’’

ते खरंच होतं. सत्तर वर्षं त्यानं गावाला हसवलं, फसवलं, आणि आता खरं बोलायचं तर शब्दच उरले नव्हते, सगळे वापरून झालेले. घसा धरून पडावं, तर तेही करून झालेलं. रडावं, तर तेही.

मागून आवाज चालूच होता. ‘‘लाभ. लाभ.’’

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. घरात, शेतात, मयतीला, झोपतानाही ती त्याच्या डोक्यावर असायची. गोकुळनं बापाचं टक्कल उन्हात कधी पाहिलं नव्हतं. ती टोपी त्यानं काजलच्या पायांवर ठेवली, आणि टोपीवर कपाळ टेकलं.

‘‘काजल,’’ तो म्हणाला, ‘‘हे खोडी नाही. चाल माय.’’

गोकुळ गाडीत जाऊन बसला आणि चावी फिरवली. पुंजाजी चिमटा काढायला वाकला, तर तो निघेना. गंज नव्हता, अडकलेला नव्हता. वायर ओढली, की खालून कोणी तेवढ्याच हातानं धरून ठेवावी तशी ताण देत होती. एक, दोन श्वास. मग सुटली, आणि पुंजाजी मागं धुळीत बसला.

६

दवाखान्यात डॉक्टर पुष्पांजलीबाईंनी काजलच्या पोटाला यंत्र लावलं. ठोके ऐकता ऐकता त्यांचं बोलणं बंद झालं. मग सगळं फार भराभर झालं. कागदावर सही, हिरवा पडदा, बंद दार. शालूबाई भिंतीला टेकून खाली बसली. पुंजाजी उघड्या डोक्यानं उभा होता; टोपी गाडीतच राहिली होती, आणि आणावी असं कोणाला सुचलं नव्हतं.

पाऊण तासानं आतून आवाज आला. बारीक, चिडका, भांडखोर. शालूबाई म्हणाली, हे तुमच्यावर गेलं.

मुलगी होती. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती. डॉक्टरबाई बाहेर आल्या, त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी विचारलं, पोट दुखलं नाही, पाणी गेलं नाही, मग तुमच्या ध्यानात कसं आलं? गोकुळनं बापाकडं बोट दाखवलं. पुंजाजी म्हणाला, मोजणीत फरक पडला, बाई. डॉक्टरबाईंना वाटलं, म्हातारा रोज बाळाच्या लाथा मोजायचा. त्यांनी नर्सला बोलावून सांगितलं, घरात असा मोजणारा माणूस पाहिजे. आणि पुंजाजीला नमस्कार केला.

त्याला आयुष्यात कोणी असा खरा नमस्कार केला नव्हता. तो मागं वळून पाहू लागला, की हा कोणाला.

७

बाळ बारा दिवसांचं झालं तेव्हा माणसं घरी आली. गाडी खळ्यावर लागली. पुढं गोकुळ न् पुंजाजी, मागं शालूबाई आणि बाळ घेऊन काजल. काजलनंच हट्ट धरला, म्हणाली, आता पाच मोजते का पाहू, आन् मंग त्यायले हात जोडून घरात जाऊ. गोविंदा कुंपणावर होताच. पुंजाजीनं उतरून चिमटा लावला आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

‘‘लाभ. दोन. तीन. चार.’’

सगळे थांबले.

‘‘चार. चार. चार.’’

पुंजाजी मागं वळला आणि बाळाच्या तोंडाजवळ बोट नेलं. बाळानं ते बोट धरलं आणि चोखायला लागलं. गरम, ओलं, चांगलं जोरात. बाळ पक्कं होतं. मग त्यानं काजलला बाळासकट खाली उतरायला सांगितलं. आवाजानं पहिल्यापासून सुरू केलं: लाभ, दोन. म्हणजे उतरल्या त्या दोघी मोजणीत होत्या, आणि त्याला एवढंच पाहिजे होतं. त्याच्या जिवात जीव आला. त्यांना परत चढवलं.

मग बिघाड शोधायची जी शेवटची पायरी असते, ती उरली. ज्या तुकड्याचा संशय, तो काढून बघायचा. पुंजाजी दार उघडून खाली उतरला, दार लावलं, आणि खिडकीतून कान दिला.

‘‘लाभ. दोन. तीन. चार.’’

चारच. तो आत असला तरी चार, बाहेर असला तरी चार.

निंबावर होला घुमत होता. गाडीतली माणसं हसत होती. गोकुळ म्हणाला, बाबा, तुमचं गणित अजून चौथीचंच आहे, पाच लावाचे राह्यले. पुंजाजीही हसला. खरं सांगायचं, तर त्याला खरंच हसू आलं. सत्तर वर्षं तो लोकांना फसवत आला, आणि शेवटी कोणीतरी त्याला असं गाठलं, की बाजूला उभ्या माणसांनाही कळलं नाही. कारागिरी होती त्यात.

माणसं घरात गेली. पुंजाजी चिमटा काढायला सळईपाशी बसला. खड्ड्यावरची माती मिठाच्या पाण्यानं ओली होती, आणि त्या मातीवर बोटं उमटली होती. पाच बोटं आणि तळव्याची कड. यात नवल नव्हतं, त्यानं स्वतःच तिथं कितीदा हात टेकला होता. पण माणसाचा हात टेकला, की मातीला खळगे पडतात. हे उंचवटे होते. कोणी खालून, माप भरल्यावर वरून हात फिरवावा तसा, मातीला आतून हात लावला होता. तो बघत होता तेवढ्यात करंगळीचा उंचवटा सावकाश खाली बसला.

पुंजाजी पळाला नाही. गुडघे पळण्यातले नव्हते, हेही एक. तो घरात गेला, कणगीतून ओंजळभर ज्वारी घेऊन आला. मोजणी झाली, की मोजणाऱ्याला पसाभर द्यायची रीत आहे, आणि ते देणं राहून गेलं होतं. त्यानं ज्वारी तिथं ठेवली. हात जोडले. ‘‘लेकीचं लेकरू देल्लं, दादा,’’ तो म्हणाला. ‘‘बाकी तुमचं बरोबर असन.’’

मग चिमटा काढला. या वेळी लगेच निघाला.

८

दुसऱ्या दिवशी तो वायर आणतो सांगून एसटीनं मेहकरला गेला आणि छाती तपासून घेतली. डॉक्टरनं कागदावर रेघा काढल्या, रक्त घेतलं, आणि सांगितलं की आजोबा, ठणठणीत आहात, असंच हसत राहा. पुंजाजी परत आला. स्टिरिओ बिघडला असेल, त्याची खात्री काय? उंदरांनी खाल्लेली वायर, चिनी माल, चौथी शिकलेला मिस्त्री. चिमटा पुन्हा लावून बघता आला असता. त्यानं तो कपाटाच्या वर टाकला.

ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. सांगितली असती, तरी खोडीच धरली असती.

आता रोज उजाडतं तेव्हा तो अंथरुणात डोळे मिटूनच आधी कान देतो. बंबातल्या लाकडांची तडतड, शालूबाईची खोकल्याची उबळ, गोविंदाची सायकलवरून बोंब. मग डोळे उघडतो. अजून आहे. उठून तोंड धुतो, टोपी घालतो, आणि शालूबाई तेल लावून, शेकून नातीला त्याच्या मांडीवर आणून देते. ती त्याच्याकडं बघते, जसं काय याचा काही भरवसा नाही. तिनं बरोबर ओळखलंय.

अशाच एका सकाळी, नात मांडीवर, ऊन पायावर, त्याला खळ्यावरची एक गोष्ट आठवली आणि तो एकटाच हसला. पायली काठोकाठ भरली, तरी हात देणाऱ्याचा असला की तो थांबत नाही. वर ओततच राहतो, आणि मापाच्या वर दाण्यांचा टोकदार ढीग उभा राहतो. त्याला शीग म्हणतात. मोजणारा आकडा म्हणतो तो काठापर्यंतच्या धान्याचा. शीग कोणी मोजत नाही. ती घेणाऱ्याची. आपणही आता शिगेतलेच, त्याला वाटलं.

त्यानं नातीच्या मुठीत आपलं बोट दिलं. तिनं ते घट्ट धरलं.